दगडाची साक्ष

झारखंडमध्ये रांची जिल्ह्याच्या पूर्व भागात, सोनाहातूच्या बाजूला, चोकाहातू नावाचं गाव आहे. गावालगतच्या काही एकर माळावर शिळाच शिळा आहेत. लहान दगडांवर टेकवलेली एक मोठी, आडवी, सपाट शिळा आणि तिच्याखाली एका कुळाच्या माणसांच्या अस्थी. मुंडा लोक तिला ससनदिरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल डाल्टन या इंग्रज अधिकाऱ्याने इथली नोंद केली तेव्हा शिळांचा आकडा सात हजारांच्या पुढे गेला होता. हे स्मशान आजही वापरात आहे.

मुंडांच्या लेखी ससनदिरी म्हणजे दगडातला सातबारा. ज्यांच्या पूर्वजांनी जंगल साफ करून गाव वसवलं ते खुंटकट्टीदार. त्या पूर्वजांच्या अस्थी इथे आहेत, म्हणून जमीन त्यांच्या वंशाची. यात समजायला अवघड काही नाही. तरीही इंग्रजी अमदानीत जमीनदार आणि ठेकेदार कागद घेऊन कोर्टात उभे राहिले तेव्हा हाकिमांनी कागद पाहिला. माळावरची शिळा पाहायला कोणी गेलं नाही. पुढे जे उठाव झाले, ज्यांत बिरसा मुंडाचं नाव आपल्याला ठाऊक आहे, त्यांच्या मुळाशी हा न ऐकलेला पुरावा होता.

आदिवासींच्या सांस्कृतिक आणि राजकीय पुनरुत्थानात विद्यापीठी संशोधनाचा वाटा काय, या प्रश्नाकडे मी पुराव्याच्या बाजूने बघतो. संशोधनाने समाजाला 'आत्मभान' वगैरे येतं हे आपण परिसंवादांतून इतक्या वेळा ऐकलंय की त्याला आता चव उरलेली नाही. त्यापेक्षा साधा प्रश्न विचारावा. सरकार, कोर्ट, जनगणना, वनखातं यांच्यासमोर 'हे आमचं आहे' म्हणताना कोणाचं म्हणणं पुरावा ठरतं, आणि कोणाचं नुसतं गाऱ्हाणं? संशोधन या रेषेच्या कोणत्या बाजूला उभं राहतं, त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

आदिवासी तरुणांना संशोधकांचा राग येतो, आणि तो रास्त आहे. वह्या, टेपरेकॉर्डर, आता मोबाइल घेऊन लोक येतात, म्हाताऱ्यांना बोलतं करतात, आणि पुढे त्यांच्या नावापुढे डॉक्टर लागतं. गावाला त्या प्रबंधाचं मुखपृष्ठही दिसत नाही. छत्तीसगडच्या जशपूरकडचा, जेएनयूत शिकलेला अभय खाखा २०२० मध्ये ऐन उमेदीत गेला. आपण कोणाची आकडेवारी नाही, असं ठणकावणारी कविता त्याने लिहिली होती, आणि तो स्वतः समाजशास्त्राचा अभ्यासक होता. त्याचा राग अभ्यासावर नव्हता. अभ्यासाची मालकी कोणाकडे, हा त्याचा प्रश्न होता.

पण या मालकीचा इतिहास वाटतो तितका सरळ नाही. छोटानागपुरात, म्हणजे रांचीभोवतीच्या या पठारी मुलखात, शिळेची साक्ष कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा नेली ती बाहेरच्यांनीच. शरच्चंद्र रॉय हे रांचीत वकिली करायला आलेले बंगाली गृहस्थ. कोर्टात मुंडा आणि उरांव अशिलांची उडणारी त्रेधा त्यांनी पाहिली. हाकिमाला त्यांची भाषा कळत नाही, रूढी माहीत नाहीत, आणि दुभाषा जे सांगेल ते खरं. रॉय यांनी गावोगाव फिरून रूढींचा अभ्यास सुरू केला. १९१२ मध्ये त्यांचा मुंडांवरचा ग्रंथ आला, १९२१ मध्ये त्यांनी 'मॅन इन इंडिया' हे नियतकालिक काढलं. भारतीय मानवशास्त्राच्या आरंभी त्यांचं नाव घेतात. त्या शास्त्राची एक नाळ अशी जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात पुरलेली आहे, हे त्याच्या पाठ्यपुस्तकांतून मात्र फारसं सांगत नाहीत.

दुसरे फादर हॉफमन. जर्मन जेझुइट. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री बिरसाच्या माणसांनी सरवदाच्या मिशनवर बाण सोडले तेव्हा हे आत होते. बिरसा १९०० च्या जूनमध्ये रांचीच्या तुरुंगात वारला. आणि मग ज्यांच्या घरावर बाण आले त्याच हॉफमननी मुंडांच्या जमीनव्यवस्थेचा अभ्यास सरकारपुढे मांडला. १९०८ च्या छोटानागपूर काश्तकारी कायद्यात मुंडारी खुंटकट्टीला जी जागा मिळाली, तिच्यामागे हा अभ्यास होता. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीच्या घशात जाऊ नये म्हणून या कायद्याने घातलेला बांध आजही उभा आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने तो सैल करायचा घाट घातला, तेव्हा झारखंड पेटलं. राज्यपाल द्रौपदी मुर्मू यांनी विधेयक परत पाठवलं आणि सरकारला ते गुंडाळावं लागलं.

म्हणजे उठाव झाला नसता तर सरकारने अभ्यासाची पानं उलटली नसती, आणि अभ्यास तयार नसता तर कायद्यात काय लिहायचं ते कोणाला सुचलं नसतं. दोन्ही लागलं. बोच उरते ती अशी की मुंडांचं म्हणणं मुंडांच्या तोंडून नाही, पाद्र्याच्या टिपणातून मान्य झालं. साक्षीदार बदलला तेव्हा साक्ष खरी ठरली. हॉफमननी पुढे मुंडांचा सोळा खंडांचा ज्ञानकोश रचला, त्याला तोड नाही. तरी त्या कोशात मुंडा माणूस माहिती देणारा आहे, लेखक नाही.

हा क्रम उलटायला सत्तर-ऐंशी वर्षं गेली. आपल्याकडे नाव कमी घेतलं जातं, म्हणून रामदयाल मुंडा यांच्याविषयी जरा सविस्तर लिहितो. जन्म १९३९, तमाडजवळच्या दिउडी गावात. मिशनची शाळा, खुंटीचं हायस्कूल, रांची विद्यापीठात मानवशास्त्र, आणि तिथून थेट शिकागो. शिकागो विद्यापीठात त्या काळी नॉर्मन झाइड यांच्याभोवती मुंडा भाषांच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं होतं. तिथे रामदयाल भाषाशास्त्र शिकले, पुढे मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले. अमेरिकेत बस्तान बसलेलं. १९८० च्या सुमारास रांची विद्यापीठाचे कुलगुरू होते कुमार सुरेश सिंह. हेही अजब गृहस्थ. आयएएस अधिकारी म्हणून खुंटीला नेमणूक झाली आणि तिथे बिरसाच्या चळवळीचा माग काढत त्यांनी १९६६ मध्ये एक ग्रंथ लिहिला. महाश्वेता देवींच्या 'अरण्येर अधिकार' या कादंबरीचा आधार तोच. या कुलगुरूंनी रामदयाल यांना परत बोलावलं आणि जनजातीय व क्षेत्रीय भाषा विभाग त्यांच्या हवाली केला.

त्या विभागात नऊ भाषा होत्या. मुंडारी, संथाली, हो, खडिया आणि कुडुख या पाच आदिवासी भाषा. नागपुरी, कुरमाली, खोरठा आणि पंचपरगनिया या चार सदानांच्या, म्हणजे तिथल्याच पण आदिवासी नसलेल्या लोकांच्या. ही यादी नीट वाचली की तिच्यातलं राजकारण दिसतं. मुंडारी ऑस्ट्रो-आशियाई कुळातली, कुडुख द्राविडी, नागपुरी आर्यभाषा. भाषाशास्त्राचा कोणताही काटेकोर माणूस यांना एका विभागात घालणार नाही. पण छोटानागपूरच्या बाजारात या एकमेकींना खेटूनच नांदत होत्या. झारखंड राज्याच्या मागणीवर दिल्ली-पाटण्याचा नेहमीचा आक्षेप असा की तुमची एक भाषा नाही, आदिवासी तिथे बहुसंख्य नाहीत, मग राज्य कशाच्या आधारावर मागता? या आक्षेपाला विभागाच्या वेळापत्रकाने उत्तर दिलं. एका भाषेचं नसलेलं, पण एकत्र जगण्याची रीत असलेलं राज्य आधी एका इमारतीच्या खोल्यांमधून भरलं. २००० साली नकाशावर आलं ते नंतर.

आवारात अखरा होता. अखरा म्हणजे गावातली नाचण्या-गाण्याची जागा. तिथे मांदर, नगारा, बासरी वाजायची, आणि रामदयाल स्वतः बासरी वाजवत, नाचत. पुढे कुलगुरू झाल्यावरही. प्राध्यापक मंडळींना हे रुचणं शक्य नव्हतं. पण तिथे शिकायला येणारा मुलगा शाळेत मातृभाषेत बोलल्याबद्दल मार खाऊन आलेला असे. त्याच्या भाषेची प्रश्नपत्रिका निघते, तिच्यात व्याकरण आहे, तिच्यात नापासही होता येतं, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. नापास होता येण्याला मी महत्त्व देतो. कौतुक तर सगळेच करतात, सव्वीस जानेवारीला कर्तव्यपथावर नाचायला नेणारेही. परीक्षा घेतली जाते ती दखल घेण्याजोग्या गोष्टीची.

विभागातली मुलं चळवळीत गेली, चळवळीतली विभागात आली. १९८६ मध्ये ऑल झारखंड स्टुडंट्स युनियन निघाली. १९८९ मध्ये केंद्राने झारखंडच्या प्रश्नावर समिती नेमली तेव्हा रामदयाल तिचे सदस्य होते. हॉफमनच्या काळी टिपण पाद्र्याचं होतं. आता टेबलाच्या पलीकडे दिउडीचा मुंडा बसला होता, आणि त्याच्याजवळ शिकागोची पदवी होती म्हणूनच त्याला ती खुर्ची मिळाली, हेही मान्य करायला हवं. पदवीची ही किंमत कोणाला खटकेल. मला खटकते. पण ती नाकारून त्या खोलीत शिरता आलं नसतं.

राज्य मिळालं. पुढे नऊही भाषांना दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला. खाणी, विस्थापन, सरकारं पाडणं-जुळवणं हे पूर्वीसारखंच चालू राहिलं, कारण भाषेचा विभाग काढून कोळशाचा हिशेब बदलत नाही. २०११ मध्ये रामदयाल गेले. शेवटच्या वर्षांत ते आदिधर्माच्या मांडणीत गुंतले होते. आदिवासींचा धर्म कोणत्या तरी मोठ्या धर्माची शाखा नाही, तो स्वतंत्र आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. हा प्रश्नही शेवटी रकान्यावर येतो. इंग्रजी काळातल्या जनगणनांत आदिवासी धर्माची वेगळी नोंद होत असे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या जनगणनेपासून ती गेली. २०११ मध्ये सुमारे पन्नास लाख लोकांनी 'इतर' या रकान्यात 'सरना' असं लिहून घेतलं. झारखंड विधानसभेने २०२० च्या नोव्हेंबरात सरना धर्मासाठी स्वतंत्र रकाना मागणारा ठराव केला.

इथे एक अडचण आहे, आणि आपल्यासारखे सहानुभूती असलेले लोक ती टाळतात. पुरावा करण्याचा अधिकार हातात आला म्हणून केलेला प्रत्येक पुरावा टिकतोच असं नाही. खुंटी भागात २०१७ च्या आसपास पत्थलगडी सुरू झाली. दगड उभारायची रीत जुनीच. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्यानंतर त्याच्या तरतुदी दगडावर कोरून गावाच्या वेशीवर लावायची प्रथा बी. डी. शर्मा या माजी सनदी अधिकाऱ्यासारख्यांनी रुजवली होती. नव्या दगडांवर मात्र संविधानाची कलमं अशा अर्थाने कोरली गेली, जो अर्थ कुठल्याही कोर्टात उभा राहिला नसता. सरकारने याला उत्तर दिलं ते हजारो लोकांवर राजद्रोहाचे गुन्हे घालून. ते निर्लज्ज होतं, आणि २०१९ च्या डिसेंबरात नव्या सरकारने ते गुन्हे मागे घ्यायचा निर्णय केला. पण दगडावर चुकीचं कलम कोरलं गेलं तेव्हा शेजारी बसून 'हे असं नाही, हे असं वाचा' म्हणणारं माणूस नव्हतं, हीही हानीच. ग्रामसभेच्या बाजूने खरं कलम पुरेसं भक्कम होतं.

आपल्याकडे नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांच्याबद्दलही मला असंच वाटतं. रिझर्व्ह बँकेत नोकरी करून या माणसाने गोंडी पुनेम (धर्म), देवस्थानं, गोत्रं, सण यांवर आयुष्यभर लिहिलं. गोंड समाजाच्या आजच्या जागृतीवर त्यांच्या पुस्तकांचा ठसा आहे, आणि विद्यापीठांनी त्यांना दाराबाहेर ठेवलं ही विद्यापीठांची शरम आहे. पण सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते हा त्यांचा दावा भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरलेला नाही. हे बोललं की 'तुम्ही बाहेरचे' असं उत्तर येतं. बाहेरच्यांनी जे केलंय ते पाहता ते स्वाभाविकही आहे. मात्र गोंडी भाषेला मोठेपणासाठी हडप्पाची गरज नाही. आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडी हस्तलिखितं आणि त्यांची लिपी वाचणारी म्हातारी माणसं मिळाली, हैदराबादच्या अभ्यासकांनी गावकऱ्यांसोबत त्यावर काम केलं, आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली. यात हडप्पाइतकी झिंग नाही. पण गुंजाळाची लिपी मोबाइलवर लिहिता येईल अशी सोय झाली आहे, आणि ती कोणी खोटी ठरवू शकत नाही.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आपल्या वाचकाला माहीत असतं ते 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे. त्या घोषणेपेक्षा मला तिथला अभ्यास गट जास्त क्रांतिकारक वाटतो. मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या संगतीत गावाने एक पद्धत बसवली. अभ्यास गटात कोणीही यावं, बाहेरचा जाणकारही यावा, हवं ते विचारावं, भांडावं. पण तिथे निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वांच्या संमतीने. दोन्ही बैठकांना माणसं बरीचशी तीच. तरी अभ्यास आणि निर्णय यांच्यात ही भिंत घातल्याने अभ्यासात कोणाला जिंकायची घाई राहिली नाही. विद्यापीठांतल्या किती समित्यांना हे जमतं, ते तिथे बसलेल्यांनी सांगावं.

मधाचं उदाहरण घ्या. पूर्वी पोळं जाळून मध काढत, त्यात माशा मरत. गटाने माशांचा अभ्यास केला आणि पोळं न जाळता, माशा न मारता मध काढायची रीत गावात आली. त्याच शिस्तीने जंगलाचा, निस्ताराच्या, म्हणजे गरजेपुरतं जंगलातून घेण्याच्या, जुन्या हक्कांचा, कायद्याचा अभ्यास झाला. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा मेंढ्याला नव्याने सुरुवात करावी लागली नाही. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मग वनखात्याशी वाद लागला तो बांबूवर. १९२७ च्या वनकायद्याचा आधार घेऊन खातं त्याला लाकूड समजे. नवा कायदा त्याला गौण वनोपज म्हणत होता. वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा, त्यावर सगळं अडलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेलं.

वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांतला तेरावा नियम या सगळ्या कहाणीत मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि त्याच्यावर लिहायला फारसं कोणी धजत नाही, कारण तो नुसती यादी आहे. दाव्याला कोणते पुरावे चालतील याची यादी. तिच्यात सरकारी नोंदी, नकाशे आहेत. जुन्या विहिरी, स्मशानभूमी, देवस्थानं आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं कथन आहे. आणि नामांकित संस्थांनी केलेला रूढींचा अभ्यासही आहे. चोकाहातूच्या शिळेकडे ज्या व्यवस्थेने पाहिलं नव्हतं, तिनेच शंभर वर्षांनी लिहून दिलं की म्हाताऱ्याचं सांगणं, पूर्वजांची समाधी आणि संशोधकाचा ग्रंथ हे तिन्ही पुरावे आहेत.

व्यवहारात अजूनही तालुक्याचा कर्मचारी दंडाची जुनी पावती मागतो आणि म्हाताऱ्याचं कथन बाजूला सारतो. देशभरात लाखो दावे नाकारले गेले, पुष्कळदा कारण न देता. २०१९ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नाकारलेल्या दावेदारांना हटवायचा आदेश दिला आणि दोन आठवड्यांनी स्वतःच तो रोखून धरला. धानोऱ्यातच मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षणखात्याने तिला अनधिकृत ठरवलं आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. कागदाची सद्दी संपलेली नाही.

विद्यापीठाने काय करावं, याबद्दल माझी सूचना छोटी आणि गैरसोयीची आहे. एखाद्या गावाच्या रूढींवर, जमिनीवर, देवांवर कोणी पीएच.डी. करत असेल, तर त्याच्या तोंडी परीक्षेची एक फेरी त्या गावात व्हावी. गावाच्या बोलीत, ग्रामसभेसमोर. मार्गदर्शक आणि बाहेरचे परीक्षक हजर असावेत, पण आधी गावाने विचारावं. हे तू कोणाकडून ऐकलंस, त्या घरात का गेला नाहीस, बायकांना विचारलंस का, आमच्या देवळातली ही गोष्ट छापायची नाही असं सांगितलं होतं ती कशी आली. उलटतपासणीत टिकेल ते राहील. गावाला नावडतं पण खरं असेल तेही राहील, फक्त संशोधकाला ते तोंडावर सांगावं लागेल. कोणी म्हणेल, अशाने संशोधक गावाची खुशामत करतील. आज ते परीक्षकांची करतातच. शिवाय ग्रामसभा एकमुखी नसते. पाटलाच्या घराने लपवलेलं दुसरं घर उघडं करतं. आणि त्या प्रबंधाची एक प्रत, गावाला वाचता येईल अशा भाषेत, वनहक्क समितीच्या फायलीत राहावी. तेराव्या नियमाखाली ती लागेल.